मिस्त्रींच्या हातची पट्टी

मित्रांनो, मी एका मोठ्या गाडीच्या डॅशबोर्डवरची जुनी पट्टी हाय. कार्बन फायबरची. अडीच फूट लांब, चार बोटं रुंद. लांबनं बघितलं तर काळी चटई विणल्यागत दिसते. जवळनं बघितलं तर डाव्या अंगाला मला एक जोड हाय, केसाएवढा. जोडाच्या अलीकडं मी परदेशातली आन् पलीकडं मी कोल्हापूरजवळच्या कळंब्याची.

सोळा वर्सं झाली मला. माणसाला सोळा म्हंजे काय न्हाय, पण गाडीतल्या पट्टीला लई झालं. काचंतनं येणारं ऊन सगळं माझ्या अंगावर. एसीचा गारठा, धूळ, खड्ड्यांचे दणके, सगळं सोसून झालं. आता दमले मी. बोलायचा बी कंटाळा येतोय. पण एका माणसाची गोष्ट सांगायची ऱ्हायली हाय, तेवढी सांगते आन् गप बसते.

माझी बोली ऐकून हासू नका. जन्म तिकडचा असला तरी सहा वर्सं कोल्हापुरात काढली. कानावर पडलं ते तोंडात बसलं. हितल्या बाया 'मी येतो, मी जातो' म्हणत्यात, तेवढं मला अजून जमत न्हाय.

मला केलं ते काळ्या कापडापासनं. दोरा रेशमागत चमकणारा, पण कोळशाच्या जातीचा. त्या कापडाचं थर साच्यात एकावर एक बसवलं, त्यात चिकट रेझीन जिरवलं, दाबून भट्टीत शेकलं. वरनं काचंगत लखलखीत लॅकर मारला. तिथल्या एका बाईनं हातमोजं घालून मला उजेडाकडं धरलं आन् उलटीपालटी करून निरखून बघितलं. तसं निरखून बघणारा माणूस मला त्यानंतर एकच भेटला. त्येचीच ही गोष्ट.

पयला मालक पुण्याचा. गाडीत कोण बी नवीन बसला की बोटाच्या पेरानं माझ्यावर टकटक करायचा आन् सांगायचा, खरं कार्बन फायबर हाय, स्टिकर न्हाय. त्येची लेकरं माझ्या अंगावर बोटानं नाव काढायची. चांगलं दिस हुतं ते. पण मालकाचं ऑफिस उघड्या रानात, गाडी दिसभर उन्हात. चार-पाच वर्सांत माझा लॅकर पिवळा पडला, मग बारीक फोड आलं. मालकानं टकटक करायचं सोडलं आन् मग गाडीच विकली.

दुसऱ्या मालकाचा जीव देवावर लई. डबल टेप लावून त्येनं माझ्यावर उदबत्तीचं घर चिकटवलं. रोज सकाळी एक उदबत्ती. एकदा दणक्यानं ती निखाऱ्यासकट माझ्यावर पडली, तो डाग बरीच वर्सं ऱ्हायला. जाताना त्येनं ते घर उपटलं, त्येच्यासंगं माझी चार बोटं साल बी गेली. देवाला काय कळलं न्हाय, मला तेवढं कळलं.

मग मला अक्षतानं आणलं.

अक्षता म्हंजे कळंब्याच्या बाबासो मिस्त्रींची पोरगी. आठ वर्सं तिनं शाळेची व्हॅन चालवलेली. पुढं तिच्या मनात आलं की लग्नाच्या वरातीला भाड्यानं देता येईल अशी एक देखणी गाडी घ्यावी आन् आपणच चालवावी. गल्लीत कुजबुज झाली. बाईमाणूस नवरदेवाची गाडी चालवणार म्हंजे काय, असं एक म्हातारा तिला तोंडावर म्हणाला. तर ही म्हणाली, "नवरदेव घोडीवर बसतोय की. ती बी बाईमाणूसच हाय."

म्हातारा उलट नातवाच्या लग्नाला हिचीच गाडी ठरवून गेला.

अक्षता मला जीव लावायची. रोज मऊ फडक्यानं पुसायची. तिच्या आईनं, म्हंजे ललिताबाईंनी, माझ्या मधोमध बुद्धाची एक बारकी मूर्ती ठेवली, पण टेप लावला न्हाय, खाली रबराचा तुकडा घातला. आंगावर काय चिकटवायचं न्हाय एवढं ज्याला कळतंय त्येच्या घरात ऱ्हायला बरं वाटतं.

आणि मग ते मुरगूडचं लग्न आलं.

नवरदेव पुढंच बसणार म्हणून हटून बसला. अंगात शेरवानी, डोक्याला फेटा, हातात तलवार. वरात निघाली. बँडवाल्यांनी ठेका धरला आन् नवरदेवाला बसल्या जागी हुरूप आला. गाडी गतिरोधकावरनं गेली, त्येच वक्ताला त्येनं तलवार वर केली आन् मूठ दाणकन माझ्या डाव्या अंगावर आली. माझ्यातनं कडकन आवाज आला, पण बँडपुढं तो कोण ऐकणार? नवरदेवानं हळूच खांद्यावरचा शेला काढून माझ्यावर टाकला आन् पुढं बघून हासत बसला. अक्षताला ते कळलं सगळी पावणं उतरल्यावर.

गॅरेजवाल्याकडं नेलं तर त्येनं स्क्रूड्रायव्हर घालून मला उचकटलं. चिरल्याला फूटभर भाग त्येच्या हातात तुकडं हुऊन आला. त्येनं ते तुकडं झाडून टोपलीत टाकलं आन् सांगितलं, नवी मिळत न्हाय, उरल्याली बसवा, प्लास्टिकचा तुकडा लावा आन् वरनं कार्बनसारखा स्टिकर मारा, कुणाला कळतंय. अक्षतानं मला टॉवेलात गुंडाळलं आन् घरी आणलं. डॅशबोर्डवर माझ्या जागी नुसती फट, आत वायरी दिसाय लागल्या.

आता मिस्त्रींचं सांगते.

बाबासो मिस्त्रींनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात अडतीस वर्सं पॅटर्नचं काम केलं. पॅटर्न म्हंजे काय, तर कारखान्यात लोखंड वतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडाचा नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, वाळूत त्येची पोकळी ऱ्हाती आन् त्या पोकळीत तापल्यालं लोखंड वतायचं. पंपाचं घर असू दे, मोटरचं झाकण असू दे, पयला जन्म मिस्त्रींच्या हातात. लाकडाचं करायचं, फायबरचं बी करायचं. विजयसिंह म्हणून मालक हुतं, ते गिऱ्हाइकाला सांगायचं, ड्रॉइंग चुकंल पण बाबासो चुकायचा न्हाय.

पण मी मोडायच्या दीड वर्स आधी तिथं मशीन आलं. काँप्युटरवर चित्र काढायचं आन् बटण दाबायचं, मशीन आपलं आपण कापतंय. त्यातच मिस्त्रींचा उजवा हात थरथर कापाय लागलेला. चहाचा कप बशीत वाजायचा. विजयसिंहांनी शाल दिली, नारळ दिला, चार चांगलं शब्द बोललं आन् म्हणालं, बसा आता मिस्त्री घरात. वाईट काय बोललं न्हाईत. पण त्या दिसापासनं मिस्त्रींची हत्यारांची पेटी कॉटखाली गेली ती गेलीच.

त्येंच्या हाताखाली शिकलेला केरबा आता त्या मशीनवर असतो. तो दर महिन्याला यायचा आन् पेटी मागायचा. मशीन सगळं कापतंय, पण आतलं बारीक कोपरं शेवटी हातानंच काढावं लागत्यात, आन् तसल्या पटाश्या आता मिळत न्हाईत. मिस्त्री म्हणायचं, बघू. द्यायचं न्हाईत आन् उघडायचं बी न्हाईत. ललिताबाई कॉटखाली झाडताना पेटीला केरसुणी लागली तरी मिस्त्री आतल्या खोलीतनं विचारायचं, काय लागलं गं?

असल्या घरात अक्षतानं मला टॉवेलातनं काढून ठेवलं आन् आईला सांगितलं की बारा दिसांनी नेसरीचं लग्न हाय, तवर स्टिकर मारून घेतो.

मिस्त्री उठलं. मला उचललं. खिडकीपाशी नेऊन उजेडाकडं धरलं. एकदा सुलट, एकदा उलट, मग तुटल्याली कड डोळ्याच्या रेषेत. मित्रांनो, चौदा वर्सांनी कोणतरी मला तसं बघत हुतं. हात कापत हुता, पण नजर एका जागी थांबल्याली.

"पत्र्याला स्टिकर लाव," ते म्हणालं. "हिला कशाला?"

अक्षता म्हणाली, दुसरा विलाज न्हाय पप्पा. मिस्त्रींनी खाली वाकून कॉटखालनं पेटी वढली. ललिताबाई भाजी निवडत हुत्या, त्येंचा हात थांबला.

"अवो, हात बघा की आधी," त्या म्हणाल्या.

"बघतोय रोज," मिस्त्री म्हणालं. "बारा दिस द्या मला. जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर ही पेटी केरबाला देतो, आन् परत हत्याराचं नाव काढत न्हाय."

मला तवाच कळलं, की ही नुसती माझी डागडुजी न्हाय.

पयल्या दिशी माझी साल काढली. मिस्त्रींनी नाकाला रुमाल बांधला, कारण माझी धूळ लई वाईट, नाकात गेली तर खोकला आन् अंगाला लागली तर खाज. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला, म्हंजे धूळ उडत न्हाय. उजवा हात ठोकळ्यावर, त्येच्यावर डावा हात दाबून. कापणाऱ्या हाताला त्येंनी दुसऱ्या हाताखाली धरून ठेवलं हुतं, हट्टी लेकराला धरावं तसं. आदी खरबरीत पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. पिवळी साल गेली, फोड गेलं, उदबत्तीचा डाग गेला. खाली माझं विणकाम हुतं तसंच हुतं, एक दोरा बी हालला न्हवता. लॅकर संपून कापड लागायच्या अदुगर पेपरचा आवाज बदलतो. तो आवाज आला की मिस्त्री थांबायचं. डोळ्यानं न्हाय, कानानं.

दुसऱ्या दिशी मापं. मिस्त्रींचं गुडघं दुखत हुतं, गाडीत वाकून बसायला जमंना. म्हणून अक्षतानं आपल्या टेपनं मापं घेतली. तुटल्याली जागा तीनशे मिलीमीटर. त्यात एसीच्या वाऱ्याची खिडकी कुठनं कुठवर, मागच्या क्लिपा कुठं, सगळं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून आणलं. मिस्त्रींनी ती पत्रिका समोर भिंतीला टेकवली, पेटीतनं आपली स्टीलची स्केल काढली आन् सागवानाच्या तुकड्याचा साचा करायला घेतला.

तीन दिस चाललं ते. अक्षतानं मोबाईलवरनं मागवल्यालं काळं कापड आलतं, माझ्याच विणीचं. मिस्त्रींनी साच्याला मेण लावलं. रेझीन आन् ते घट्ट करणारं हार्डनर ललिताबाईंच्या किचनमधल्या वजनकाट्यावर तोललं, अंदाजानं न्हाय. अक्षता म्हणाली, एकदमच कालवा की मोठ्या भांड्यात. मिस्त्री म्हणालं, मोठ्या भांड्यात ते आपलं आपण तापतंय, धूर काढतंय आन् वाया जातंय. म्हणून बारक्या बारक्या वाट्या. मिस्त्रींच्या बोलण्यात कितीतरी दिसांनी जोर आलता. जेवताना ते ललिताबाईंना कापडाची वीण कशी तिरकी लावायची ते सांगत बसलं, आन् त्या बी पोळी हातात धरून ऐकत बसल्या.

तुकडा साच्यातनं निघाला. काय सांगू, माझ्या सख्ख्या बहिणीगत दिसत हुता. अक्षतानं टाळी वाजवली.

मग आमाला दोघींना गाडीत नेऊन लावून बघितलं. आन् तो तुकडा बसंना.

लांबी जास्त हुती, गव्हाच्या दाण्याएवढी. लांबी घासून कमी करता आली असती. पण एसीची खिडकी बी मोठी झालती, चारी बाजूनं फट दिसत हुती. क्लिपा भोकावर येत न्हवत्या. एक बसवली की दुसरी उठायची. मिस्त्रींनी अक्षताला विचारलं, माप चुकलीस का बाळ? तिनं परत टेप लावला. तीनशे म्हंजे तीनशे. खिडकी तेवढीच, क्लिपा तिथंच. तिचं काय चुकलं न्हवतं.

मिस्त्री गाडीतनं उतरलं आन् दारातल्या पायरीवर बसलं. उजवा हात मांडीवर ठेवून त्येच्याकडं बघत ऱ्हायलं. हात कापत हुता.

"हात फिरला," एवढंच म्हणालं.

ललिताबाईंनी पाणी आणलं, ते तसंच बाजूला ठेवलं. मग मिस्त्री आत गेलं. एकेक पटाशी फडक्यानं पुसली, एकेक कानस पुसली, स्केल पुसली आन् पेटीत ठेवली. घाई न्हाय, राग न्हाय. दिसभर राबून आल्याला माणूस पायातली चप्पल काढतो तसं. मग अक्षताला म्हणालं, केरबाला फोन लाव, पेटी घेऊन जा म्हणावं.

मी मेजावर पडले हुते, अर्धी. मला वाटलं, संपलं आता. मला स्टिकर आन् त्येंना कॉट.

केरबा दुपारी आला. येताना खुशीत हुता, पण मिस्त्रींचं तोंड बघून त्येची खुशी गेली. पेटी दारात काढून ठेवलेली. काय झालं, कसं झालं ते ललिताबाईंनीच सांगितलं. केरबानं तो नवा तुकडा हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. मग भिंतीला टेकवल्याली पत्रिका बघितली. मग म्हणाला, बघू स्केल तुमची. त्येनं पेटी उघडून स्केल काढली, अक्षताचा टेप तिच्याशेजारी ठेवला, आन् दोन्हीकडं बघत उगंच उभा ऱ्हायला.

मग त्येला हासू फुटलं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "ह्यात लोखंड वतणार हुतासा व्हय?"

मिस्त्रींनी मान वर केली.

मित्रांनो, तुमाला कळाय पायजे म्हणून सांगते. तापल्यालं लोखंड वतलं की गार हुताना ते आकसतं. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा जरा मोठा करावा लागतो. शंभराला एक एवढा. दरवेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची स्केलच येगळी असती. तिच्यावर तीनशे लिहिल्यालं असतं, पण ते खरं तीनशे तीन असतं. दिसायला अगदी साध्या स्केलीगत. मिस्त्रींनी अडतीस वर्सं तीच स्केल हातात धरली. पेटी उघडली की हात आपसूक तिच्यावरच जायचा. मापं घेतली अक्षताच्या साध्या टेपनं आन् साचा केला लोखंडाच्या स्केलीनं. आन् मी तर कापड आन् रेझीन. मी काय आकसत न्हाय.

मिस्त्रींनी टेप घेतला, स्केल घेतली. दोन्ही डोळ्यांजवळ नेलं. ललिताबाई म्हणाल्या, म्हंजे चूक काय झाली ते तरी सांगा कोणतरी.

"वैनी," केरबा म्हणाला, "चूक कसली? लांबी तीनशे तीन. खिडकी शंभराला एकशे एक. क्लिपा सगळ्या त्याच हिशोबानं सरकल्यात. एक बी जागा हिकडची तिकडं न्हाय. हात फिरला असता तर एक माप हिकडं, एक तिकडं झालं असतं की. ह्यो हात कापतोय, पण फिरला न्हाय."

मिस्त्री हासलं. दमल्यालं माणूस हासतंय तसं, आवाज न करता, खांदं तेवढं हाललं. मग उठलं आन् त्येंनी पेटी दारातनं परत आत वढली.

केरबा म्हणाला, मी दोन दिस रजा टाकतो, साचा मी करतो. मिस्त्री म्हणालं, तू बस. चहा पी.

दिस सातच उरलं हुतं. दुसरा साचा मिस्त्रींनी अक्षताच्या टेपनं केला. केरबा संध्याकाळी कामावरनं सुटला की यायचा आन् काय हात न लावता नुसता बघत बसायचा, पंचवीस वर्सांमागं बसायचा तसा. दुसरा तुकडा निघाला आन् तो गाडीत जाऊन बसला, खिडकीला खिडकी, भोकाला भोक.

मग जोड. माझी तुटल्याली कड त्येंनी तिरकी घासली, तुकड्याची बी तिरकी घासली, म्हंजे एकावर एक चढून बसत्यात आन् धरत्यात. वरनं माझ्या विणीची रेघ तुकड्याच्या विणीच्या रेघेला मिळवायची हुती. एक रेघ चुकली तर आयुष्यभर दिसणार. मिस्त्री श्वास धरून बसलं. हात कापत हुता, ते थांबायचं, कापून होऊ द्यायचं आन् मधल्या एवढ्याशा शांत घटकंत तुकडा सरकवायचं. तसं कितीदा केलं मी मोजलं न्हाय. पाठीमागनं कापडाचं दोन थर लावलं. दुसऱ्या दिशी मी परत अडीच फुटांची झाले.

ऱ्हायला वरचा लॅकर, उन्हानं पिवळा पडत न्हाय तसला. तो एका वढीत मारावा लागतो. मिस्त्रींनी ब्रश बुडवला, वढला आन् माझ्या अंगावर लाटा उठल्या. वाळल्यावर घासून काढलं, परत मारला. परत लाटा. इतक्या दिसांचं काम त्या हातात साठलं हुतं, आता तो ऐकंना. तिसऱ्यांदा ब्रश बुडवून मिस्त्री तसंच बसून ऱ्हायलं. ब्रशातनं थेंब कागदावर पडाय लागलं. केरबानं मान फिरवली.

ललिताबाईंनी पदरानं हात पुसलं.

"आणा हिकडं. मी वढतो," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्येंच्याकडं बघितलं. मग ब्रश दिला. मला दोन्ही टोकांना धरून सांगाय लागलं, हितनं धर, उचलू नको, माघारी येऊ नको, पुढं बघ. ललिताबाईंनी एका वढीत ह्या टोकापासनं त्या टोकापतोर नेला. थर असा बसला की त्यात खिडकीच्या गजांची रेघ सुद्धा सरळ दिसत हुती. आणखी दोनदा तसंच केलं, मधी वाळू दिलं, बारीक पेपरनं घासलं, पॉलिश केलं. ललिताबाई म्हणाल्या, एवढं सोपं हुतं तर अडतीस वर्सं तुमी काय करत हुतासा? केरबा एवढ्या मोठ्यांदा हासला की शेजारनं बनाबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

नेसरीच्या लग्नाच्या आदल्या दिशी मला गाडीत बसवलं. क्लिपा एकामागनं एक टकटक बसल्या. मिस्त्री गुडघं दुखत असताना सुद्धा वाकून आत शिरलं. अक्षतानं डोळं मिटून माझ्यावर बोट फिरवलं. तिला जोड लागला न्हाय. डोळं उघडून शोधला तवा दिसला. नेसरीत तर कुणालाच दिसला न्हाय. नवरीचा मामा पुढं बसलेला, त्येनं माझ्यावर तंबाखूची डबी ठेवली आन् झोपून गेला. लोकांच्या नजरंत न येणं हेच माझ्या धंद्यात कौतुक, काय करायचं.

दुसऱ्या दिशी केरबा आला. दारातनंच म्हणाला, मिस्त्री, आता पेटी हितंच, मी काय मागत न्हाय. अक्षता बी तेच म्हणत हुती, की आता पप्पांनी घरीच असली कामं घ्यावीत, मी गिऱ्हाइक आणतो. मी दारात लावल्याल्या गाडीतनं सगळं ऐकत हुते.

मिस्त्रींनी पेटी बाहेर आणली आन् केरबाच्या पायापाशी ठेवली.

केरबा म्हणाला, अवो पण जमलं की. न्हाय जमलं तर द्यायचं ठरलं हुतं. ललिताबाई म्हणाल्या, आता काय झालं तुमाला? अक्षता तर चिडलीच.

"जमलं म्हणूनच देतोय," मिस्त्री म्हणालं. "तवा मला बसवलं हुतं. आता मी बसतोय."

केरबानं वाकून आधी पेटीला हात लावला, मग मिस्त्रींच्या पायाला. पेटी जड हुती, दोन्ही हातांनी उचलून त्येनं आपल्या मोटरसायकलीवर ठेवली. मिस्त्री दोरी बांधायला गेलं न्हाईत. पायरीवर बसलं, पाय लांब केलं आन् ललिताबाईंकडनं चहा मागून घेतला. कप बशीत वाजत हुता. पण ह्या खेपंला त्येंनी तो थांबवायची धडपड केली न्हाय. वाजू दिला.

मित्रांनो, ह्याला आता दीड वर्स झालं. मी अजून वरातीला जाते. कधी खड्ड्यात गाडी आपटली की जोडापाशी जरा ठणकतं, पण धरून हाय. आणखी किती वर्सं काढीन ते सांगता येत न्हाय. आता तुमच्याकडं एवढंच मागणं. गाडीत बसला तर माझ्यासारख्या पट्टीवर टेप चिकटवू नका, चटका देऊ नका, गाडी उन्हात लावली तर काचंला पडदा घाला. काय मोडलं तर लगीच टोपलीत झाडू नका, आधी कोणतरी जाणत्याला उजेडाकडं धरून बघू द्या.

आन् तुमच्या घरात एखादं दमल्यालं माणूस असलं, तर त्येला 'बसा आता' म्हणू नका. हातातलं काम त्येला पुरं करू द्या. बसायचं कवा, ते त्येचं त्येला कळतंय.